ख्रिस्ती धर्म काळाप्रमाणे बदलला, मग इस्लाम का बदलत नाही?

बदल दोन्हीकडे झालाय. फरक आहे तो शेवटचा शब्द कोणाचा, यात. व्याजाचं उदाहरण घ्या, कारण ते दोन्ही धर्मांनी निषिद्ध ठरवलं होतं.

बायबलमधल्या निर्गम 22:25 आणि लूक 6:35 या वचनांच्या आधारे चर्च फार कडक झालं. 1179 मध्ये चर्चच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफन नाकारलं. पुढे धर्मपंडितांनी वाट काढली: कर्ज दिल्याचा मोबदला नको, पण त्यापायी सोसलेलं नुकसान किंवा बुडालेला नफा भरून घ्यायला हरकत नाही. 1745 मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी निषेध कायम ठेवून हीच वाट मान्य केली आणि 1917 च्या चर्च कायद्याने कायदेशीर दराचं व्याज चालवून घेतलं. रोमने एकदा निर्णय दिला, की कॅथलिकांपुरता वाद मिटतो. प्रॉटेस्टंटांना मात्र रोमची वाट पाहावी लागली नाही. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक काल्व्हिनने 1545 मध्येच गरिबांकडून व्याज घेऊ नये, व्यापारी कर्जावर चालेल, असा अर्थ लावला.

सुन्नी इस्लामात पोप नाही. कुराण 2:275 रिबा, म्हणजे व्याज किंवा देवघेवीतली गैर वाढ, हराम ठरवतं. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, हा नियम सोनं, चांदी, गहू, जव, खजूर, मीठ अशा सहा वस्तूंच्या देवघेवीला लावलेला आहे. बाकीच्या वस्तूंचं काय? फकीह, म्हणजे धर्मकायद्याचे पंडित, आधी मूळ नियमामागचं कारण शोधतात आणि ते जिथे लागू पडेल तिथे नियम नेतात, हा कियास. हनफी आणि शाफई या सुन्नी धर्मकायद्याच्या दोन परंपरा. हनफींच्या मते कारण माप-वजन, म्हणून लोखंडही त्यात येतं. शाफईंच्या मते कारण चलन आणि खाद्य, म्हणून लोखंड सुटतं. आपल्याकडे कोकणी मुसलमान शाफई आणि देशावरचे बहुतेक हनफी, म्हणजे हा फरक घाटाच्या दोन बाजूंना नांदतो.

मतभेद आजही तसेच आहेत. बँकेचा ठरीव परतावा जेद्दाच्या फिक्ह (इस्लामी धर्मकायदा) अकादमीने 1985 मध्ये रिबा ठरवला, तर 2002 मध्ये कैरोच्या अल-अझहरच्या संशोधन अकादमीने तो वैध मानला. अंतिम शब्द कुणाचाच नाही.

इस्लामी बँकांनी मुराबहा वापरात आणला. बँक आधी माल स्वतः विकत घेते, मालकी आणि जोखीम तिच्याकडे येते, मग नफा उघड सांगून ती तो ग्राहकाला हप्त्यांवर विकते. गडबड होते ती क्रमात: माल बँकेच्या मालकीचा होण्याआधीच ग्राहकाशी विक्री पक्की केली, तर उरतं ते कर्ज, आणि वरची रक्कम रिबा. हप्ता चुकला तर दंड लावणाऱ्या बँकेलाही तो नफ्यात धरता येत नाही. दानधर्मात द्यावा लागतो.