भाऊ लांब पल्ल्याच्या गाडीवर लागलाय. ड्रायव्हर लोकांना एचआयव्हीचा धोका खरंच कळतो का, आणि त्याच्याशी बोलायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ 22 वर्षांचा आहे, बंगळूर लाईनच्या गाडीवर क्लीनर म्हणून लागलाय आणि पुढं ड्रायव्हर व्हायचं म्हणतोय. "ड्रायव्हर लोकांना एड्स होतो" म्हणून आईनं जेवण सोडलंय आणि भाऊ म्हणतोय, "आम्हाला सगळं माहिती हाय."

मी कोल्हापुरात ट्रकवाल्यांसाठी चालणाऱ्या आरोग्याच्या कामात समुपदेशक आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, मार्केट यार्ड, जिथं गाड्या भरतीसाठी उभ्या राहतात तिथं संध्याकाळी जाऊन बसायचं, बोलायचं, ज्याला तपासणी करायची असेल त्याची करून घ्यायची, हे माझं रोजचं काम.

आधी आईसाठी एक आकडा. 2017 च्या राष्ट्रीय पाहणीत लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 0.86 टक्के होतं. त्याच वर्षी देशातल्या सगळ्या प्रौढांचा अंदाज 0.22 टक्के होता. म्हणजे प्रमाण चौपट आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण शंभर ड्रायव्हरांतल्या नव्व्याण्णवांना हा आजार नाही, हेही तितकंच खरं. हा धंदा केला की आजार लागला, असं काही नसतं.

आता भावाचं. तो खोटं बोलत नाहीये. कोणत्याही ड्रायव्हरला विचारा, असुरक्षित संबंधातून होतो, सुईतून होतो, रक्तातून होतो, आईकडून बाळाला होतो, सगळं घडाघडा सांगतो. कंडोम वापरायचा हेही सांगतो. पण ही माहिती स्वतःला लावायची वेळ आली की तो माणूस बघून धोका ठरवतो. रस्त्यावर उभी राहणारी बाई असेल तर धोका. ढाब्याच्या मागं राहणारी, दर खेपेला भेटणारी, नाव-गाव माहीत असलेली असेल तर "तिचं तसं काही नाही ओ सर, घरातलीच बाई हाय." लग्न झालेली म्हणजे सुरक्षित, अंगानं भरलेली म्हणजे सुरक्षित, महाग म्हणजे सुरक्षित. एचआयव्ही असलेला माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकतो, हे त्यानं ऐकलेलं असतं. तरी प्रत्यक्षात तो चेहऱ्यावरच निकाल देतो.

यातली सगळ्यात अवघड जागा ओळखीची आहे. अनोळखी ठिकाणी कंडोम वापरणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या भेटीत तो सोडून देतो, कारण आता वापरणं म्हणजे तिच्यावर संशय घेणं. आणि घरी बायकोशी तर विषयच नाही. तिथं पाकीट काढलं की ती विचारणार, आत्ताच का? वापरणं हीच कबुली होऊन बसते. आपल्याकडं कितीतरी बायकांना हा आजार स्वतःच्या लग्नातून आलाय, त्यामागं ही एवढीशी अडचण आहे.

भीती मात्र भलत्याच ठिकाणी असते. मला शिबिरात सर्वांत जास्त विचारलं जातं ते डासाबद्दल. त्यानंतर ढाब्यावरचा ग्लास, संडास आणि रस्त्याकडेच्या न्हाव्याचा वस्तरा. डासानं, ग्लासानं, संडासानं एचआयव्ही होत नाही. वस्तऱ्याचं म्हणाल तर नवीन ब्लेड मागून घ्यायची सवय चांगलीच, कारण काविळीचे काही विषाणू रक्तातून पसरतात. पण जो माणूस पॉझिटिव्ह सहकाऱ्याच्या ताटाला हात लावत नाही, तोच ओळखीच्या बाईकडं बिनधास्त जातो, हे मी सारखं बघतो आणि दर वेळी जीव तुटतो.

गरमी हा दुसरा मोठा समज. जुन्या गाड्यांत इंजिन केबिनमध्येच, पायाला धग लागते, रात्र रात्र त्या धगीत बसायचं. मग ती उष्णता अंगात साठते, लघवीला जळजळ होते आणि बाईजवळ गेल्याशिवाय ती उतरत नाही, असं जुने उस्ताद नव्या पोरांना सांगतात. पोरगं विश्वास ठेवतं, कारण जळजळ खरोखर होत असते. ती होते पाणी कमी पिऊन, तासन् तास लघवी दाबून. कधीकधी गुप्तरोगामुळंही होते, आणि तिथं खरा घोटाळा आहे. गुप्तरोगाची जखम किंवा सूज असली की एचआयव्ही लागण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. माणूस त्याला गरमी समजून सब्जाचं पाणी पितो, नाहीतर वाटेतल्या कुठल्यातरी डॉक्टरकडून एक इंजेक्शन मारून घेतो आणि पुढं निघतो. सरकारी दवाखान्यात यावर फुकट औषधं मिळतात. त्यांचा पूर्ण कोर्स घ्यायचा असतो आणि जोडीदारालाही द्यायचा असतो. संबंधानंतर लिंबू, डेटॉल, दारू लावून धुणं याचा काही उपयोग नाही, उलट कातडी सोलवटते.

घडतं केव्हा, तेही समजून घ्या. गाडी पळत असताना कुणाला सवड नसते. माल खाली व्हायला दोन दिवस लागले, परतीचं भाडं मिळेना, हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचे, पैसे मालक देतो की नाही त्याची खात्री नाही, हातात भत्त्याचे थोडे पैसे, सोबतीला दारू. इथून गूळ घेऊन गुजरातला गेलेली गाडी असो की कास्टिंग घेऊन बंगळूरला गेलेली, धोका हा असा उभ्या गाडीत असतो. भावाला "संयम ठेव" म्हणण्यापेक्षा, माल खाली होईपर्यंत रिकामा वेळ कसा काढतोस, कुणाबरोबर बसतोस, हे विचारा.

कंडोमबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. परवा एका ड्रायव्हरनं अभिमानानं डॅशबोर्डच्या कप्प्यातून पाकीट काढून दाखवलं. वर्षभर उन्हात भाजलेलं, छपाई उडालेली, दाबलं तर आत ओलावा नाही. उघडल्यावर रबर बोटाला चिकटलं आणि ताणताक्षणी फाटलं. त्याचा हेतू चांगलाच होता, पण ते पाकीट त्याला वाचवणार नव्हतं. पाकीट कपड्यांच्या पिशवीत ठेवायचं, तारीख बघायची, दाबून आत हवा आहे का ते बघायचं. खोबरेल तेल, व्हॅसलीन, ग्रीस काहीही लावायचं नाही, तेलानं रबर कमजोर होतं. आणि डबल सुरक्षा म्हणून दोन एकावर एक घालणारे खूप आहेत. त्यानं घर्षण होऊन फाटण्याचीच भीती. एकच, नीट घातलेला, पुरतो.

बायकांना दोष देण्याची जी सवय आहे ती तुम्ही तरी भावाशी बोलताना टाळा. शेजारच्या सांगलीत 1992 पासून संग्राम संस्थेनं आणि पुढं वेश्यांच्याच वॅम्प या संघटनेनं गिऱ्हाइकांना कंडोम वापरायला लावण्याचं काम उभं केलं. 'कंडोम नको' असा हट्ट बहुतेक वेळा गिऱ्हाईकच धरतं.

तपासणीला ड्रायव्हर का टाळतात? आजाराच्या भीतीपेक्षा बातमी फुटण्याची भीती मोठी. ट्रान्सपोर्ट ऑफिसात कळलं तर गाडी जाईल, गावात कळलं तर बहिणीचं लग्न मोडेल. त्याला हे नक्की सांगा: 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्याप्रमाणं संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, नोकरीसाठी ही तपासणी मागता येत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येत नाही. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात तपासणी आणि समुपदेशन फुकट आहे. राष्ट्रीय हेल्पलाईन 1097, तीही फुकट. एक मात्र लक्षात ठेवायचं, गेल्या आठवड्यातल्या प्रसंगाचं उत्तर आजच्या रिपोर्टात नसतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. आणि कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही असं झालं तर थांबायचं नाही, 72 तासांच्या आत मोठ्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरला विचारायचं. लागण टाळणाऱ्या गोळ्या असतात, 28 दिवस घ्याव्या लागतात आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.

पॉझिटिव्ह आलं तरी आयुष्य थांबत नाही, हे ड्रायव्हरांच्या कानावर फार कमी पोचलंय. त्यांच्या डोळ्यांपुढं अजून नव्वदच्या दशकातली हाडं निघालेली माणसं आहेत. सरकारी केंद्रात एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, 2004 पासून मोफत मिळते, आणि 2017 पासून निदान झालं की लगेच सुरू करतात. रोज नेमानं गोळी घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. असे कितीतरी जण गाडी चालवतायत, संसार करतायत. तब्येत स्थिर असली की एकदम काही महिन्यांच्या गोळ्या मिळतात, त्यामुळं लांबच्या खेपा बंद पडत नाहीत.

राहिला शेवटचा विषय, जो घरात कुणी बोलणार नाही, म्हणून तुम्ही बोला. भाऊ क्लीनर आहे. केबिनमध्ये रात्री दोघंच असतात आणि गाडी शिकायची तर उस्तादाची मर्जी राखावी लागते. काही ठिकाणी त्या मर्जीत शरीरही येतं. "बाईकडं गेलं तरच एड्स, पुरुषा-पुरुषांत काय होत नाही" असं बरेच जण ठामपणे मानतात. ते चूक आहे. कंडोमशिवाय गुदमैथुनात धोका योनीसंबंधापेक्षाही जास्त असतो, आणि सर्वांत जास्त तो स्वीकारणाऱ्याला असतो. पुरुषाची ओढ असणं हा काही गुन्हा नाही, आणि भावाच्या मनानं तसं काही असेल तर त्यालाही कंडोमची माहिती तेवढीच हवी. जबरदस्ती असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ती मुकाट सोसायची नाही. असं काही झालं तर असशील तिथं गाडी सोड, मला फोन कर, परत यायचं भाडं मी पाठवते आणि घरात कारण विचारणार नाही, हे तुमच्या तोंडून त्याला पुढच्या खेपेच्या आधी ऐकायला मिळू दे.