सोनोग्राफी नॉर्मल, मग दुखतं कशानं?

प्रश्न : डॉक्टर, मी २५ वर्षांची आहे. कळव्याला राहते, घणसोलीला नोकरी करते. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत ओटीपोटात इतकं दुखतं की गेल्या महिन्यात अर्ध्या वाटेत ऐरोलीलाच गाडीतून उतरले आणि पोट धरून बाकावर बसून राहिले. त्या दिवसांत शौचाला बसलं की आत सुरी फिरल्यासारखी कळ येते. पूर्वी एका गोळीनं भागायचं, आता दोन घेऊनही थांबत नाही. पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल आली. आई म्हणते, ‘आमचंही दुखायचं. लग्न झालं की थांबेल.’ मी उगाच बाऊ करतेय का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : नाही गं, अजिबात नाही. शौचाच्या वेळची कळ तू एका वाक्यात उरकलीस, पण मी सगळ्यात आधी तीच ओळ अधोरेखित केली. पाळीत पुष्कळ जणींचं दुखतं. शेक घेतला, गोळी घेतली की त्या कामाला लागतात. वाटेत गाडीतून उतरावं लागणं, गोळी पुरेनाशी होणं आणि त्याच दिवसांत शौचाला कळ येणं, हे सगळं एकत्र आलं की एंडोमेट्रिऑसिसचा विचार करायलाच हवा.

यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो : बीजकोशावर, ओटीपोटाच्या पडद्यावर, कधी आतड्यावर. पाळीच्या चक्राबरोबर तिथेही सूज येते आणि हळूहळू अवयव एकमेकांना चिकटतात. गर्भाशय आणि गुदाशय यांच्या मधल्या खळग्यात तो थर असला की शौचाला बसताना जीव जातो. प्रजननवयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. तरी निदानाला वर्षानुवर्षं लागतात, कारण दुखणं सोसायचंच असतं असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं.

आता तुझा रिपोर्ट. बीजकोशातली ‘चॉकलेट सिस्ट’, म्हणजे या आजारात साठलेल्या जुन्या रक्ताची गाठ, सोनोग्राफीत दिसते. पडद्यावरचे बारीक, पसरट डाग बहुधा दिसत नाहीत. म्हणजे नॉर्मल रिपोर्टनं आजार नाही असं ठरत नाही. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत जास्त कळतं, पण ती तुझ्या संमतीनंच. नको असेल तर सरळ सांग, एमआरआय करता येतो. पोटाला छोटं छिद्र पाडून करायची दुर्बिणीची तपासणी प्रत्येकीला लागतेच असं नाही. लक्षणं ऐकून आणि तपासून हार्मोनच्या गोळ्या सुरू करता येतात. त्या घेतल्या की पुढे मूल होत नाही, ही भीती मनातून काढून टाक.

स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घे. तुझ्या कळव्यातच महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, तिथे स्त्रीरोग विभाग आहे. जाताना लिहून ने : कोणत्या तारखेला, कुठे, दहापैकी किती दुखलं, किती गोळ्या घेतल्या, किती रजा पडल्या. आणि शौचाचं लाजून गाळू नकोस. एकाएकी एका बाजूला असह्य दुखू लागलं, सोबत उलट्या, ताप किंवा चक्कर असेल, तर मात्र वेळ घेत बसू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ.

लग्न हे यावरचं औषध नाही. शरीरसंबंधाच्या वेळी दुखणं हेही याच आजाराचं एक लक्षण आहे आणि मूल झालं म्हणून तो मुळातून जातो असंही नाही. पण ‘आमचंही दुखायचं’ हे आईचं वाक्य फार मोलाचं आहे. आई किंवा बहिणीला हा आजार असेल तर मुलीला तो असण्याची शक्यता वाढते. म्हणून आईला सोबत ने आणि तिला किती दुखायचं, ते तिलाच डॉक्टरांना सांगू दे.