घरात सगळेच जाड असतील तर मुलीचा लठ्ठपणा आनुवंशिक म्हणायचा का? ती चोरून खाते, कसं आवरू?

मुलगी 14 वर्षांची, वजन 74 किलो, एवढं लिहून तुम्ही पुढे ‘चोरून खाते’ असं लिहिलंय. त्या दोन शब्दांसाठी हे उत्तर.

नववीत मी 71 किलोची होते. आमच्या मिरजेच्या घरी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा कपाटात कुलपात असायचा आणि किल्ली अण्णांच्या जानव्याला. एकदा किल्ली कपाटालाच राहिली आणि चार लाडू कमी भरले. अण्णांनी पाहुण्यांसमोर मला उभं करून विचारलं. खाल्ले होते धाकट्या भावानं; पण तो काडीसारखा, त्याच्यावर संशय कोण घेणार? जेवताना तो एका भाकरीत ‘पोट भरलं’ म्हणून उठायचा. मला ते भरणं कळायचंच नाही. तीन भाकऱ्यांनंतरही खरीखुरी भूक असायची. अण्णा म्हणायचे, जिभेचे चोचले.

तर हो, आनुवंशिक आहे, बऱ्याच अंशी. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांवरचा अभ्यास 1990 साली आला. त्यांची वजनंही एकमेकांशी जुळत होती. 2007 साली एफटीओ या जनुकाचा लठ्ठपणाशी संबंध सापडला. त्याचा धोक्याचा प्रकार आई आणि बाप दोघांकडून आला, तर मोठेपणी वजन सरासरी 3 किलो जास्त असतं. आणि तो असलेल्या मुलांना पोट भरल्याची जाणीव कमी होते. म्हणजे वारशात येते ती बरीचशी भूकच. अण्णांना हे कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं.

तो काडीसारखा भाऊ? तेहेतिसाव्या वर्षी डायबेटिस निघाला. बारीक म्हणून तोवर त्याची साखर कुणी तपासलीच नव्हती. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक किती वर्षं हेच सांगताहेत: आपली बाळं जन्मतः इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी, पण अंगात चरबी त्या मानानं जास्त. म्हणून नुसत्या काट्याकडे बघू नका. मुलीची कंबर मोजा, मान काळवंडलीय का बघा, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि लिव्हरची तपासणी करून घ्या. तिच्या बारीक भावंडांचीही करा. ऑनलाइन जीन टेस्टवर पैसे घालवू नका.

आणि डब्याला कुलूप लावू नका. फरसाण आणायचं नसेल तर कुणासाठीच आणू नका, तुमच्यासाठीसुद्धा.

एक राहिलं: 3 किलो म्हणजे सगळं वजन नव्हे. घरचं ताट, झोप, खेळ यांचाही वाटा मोठा आहे. मात्र तान्हेपणापासून भूक अनावर असेल आणि पाच वर्षांच्या आतच वजन खूप वाढलं असेल, तर एमसीफोरआर हे जनुक किंवा लेप्टिन हे हॉर्मोन, म्हणजे भूक आवरणाऱ्या यंत्रणेतलाच दुर्मीळ दोष असू शकतो. लहान मुलांच्या हॉर्मोनतज्ज्ञाला दाखवा.

गेल्या दिवाळीत भावानं स्वतःच अण्णांना लाडवांचं सांगितलं. ‘तुझ्या भल्यासाठीच होतं ते,’ अण्णा मला म्हणाले. मला ते आजही पटलेलं नाही.