सुलकाटा कासवाच्या पिल्लाच्या पाठीवर उंचवटे येत आहेत, कॅल्शियम किती द्यावे?

आठवड्यातून दोन-तीनदा चिमूटभर भुकटी चाऱ्यावर भुरभुरली तरी पुरते. उंचवट्यांवर मात्र तो इलाज नव्हे. पिल्लू कोरड्या पेटीत वाढते आहे का, हे आधी पाहा.

मी अमेरिकेतल्या फीनिक्सला राहायला आलो तेव्हा थोरल्या भावाने सुलकाटाचे पिल्लू दिले आणि सोबत तंबीही दिली : "वाळवंटातले जनावर आहे, ओल लागू देऊ नकोस." त्याप्रमाणे मी ते काचेच्या पेटीत, वाळूवर, अहोरात्र दिव्याखाली ठेवले. वर्षभरात पाठीवरचा एकेक खवला साच्यातून काढलेल्या मोदकासारखा टोकदार झाला. बोट फिरवले तर मधल्या खाचेत नख अडकायचे. मी भिजवलेले हरभरे चारले म्हणून असे झाले, असा निकाल दादाने दिला. त्याच अंड्यांमधले दुसरे पिल्लू शेजाऱ्यांच्या रोज पाणी घातलेल्या हिरवळीत वाढले. हरभरे तेही खात होते, तरी त्याची पाठ पालथ्या वाटीसारखी गुळगुळीत राहिली.

सुलकाटाच्याच पिल्लांवर व्हिएन्नात झालेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उंचवट्यांचे मुख्य कारण हवेचा कोरडेपणा निघाले, प्रथिनांचा परिणाम किरकोळ ठरला. तो मी दादाला छापून दिला. त्याने अजून वाचलेला नाही. हे कासव आफ्रिकेतल्या साहेलच्या, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या रखरखीत पट्ट्यातले खरे, पण तिथेही ते उन्हाचा वेळ बिळात काढते आणि बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते, एवढी साधी गोष्ट 'वाळवंटातले जनावर' म्हणणारे विसरतात.

म्हणून पेटीत ओलसर काथ्याचा भुसा घाला, हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि पिल्लाला रोज १५-२० मिनिटे कोमट, उथळ पाण्यात बसवा. आलेले उंचवटे जात नाहीत. नवी वाढ तेवढी सपाट येऊ शकते. घरातले कोणी वडीलधारे चाऱ्याला दोष देऊ लागले, तर त्यांना पेटीतली आर्द्रता मोजून दाखवा.

अर्थात हरभरे देणे बरोबर होते असे माझे म्हणणे नाही; सुलकाटाचे मुख्य अन्न गवतच. ओलीबरोबर ऊबही हवी, नाहीतर फुप्फुसांना संसर्ग होतो. कवच दाबून मऊ लागत असेल तर तो निराळा आजार आहे आणि तिथे कॅल्शियम, यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा व पशुवैद्य हे तिन्ही लागतील. आणि तुम्ही भारतात असाल व दुकानदाराने सुलकाटा म्हणून स्टार कासव गळ्यात मारले असेल, तर त्याच्या पाठीवर उंचवटे निसर्गतःच असतात. मात्र ते घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा आधी वनखात्याला कळवा.