युद्धग्रस्तांसाठी पहिली प्रार्थनासभा घेताना

पहिल्यांदाच घेताय ना? दडपण घेऊ नका, सभा आटोपशीर ठेवा.

बायबलमधलं स्तोत्र १३ वाचून सुरुवात करा. 'हे परमेश्वरा, किती वेळ?' हा आक्रोश मंडळीला लगेच आपला वाटतो. मग मोघम 'जगात शांती दे' नको. वेढा पडलेलं शहर, तिथली इस्पितळं, निर्वासित, सक्तीने भरती केलेली पोरं यांचा स्पष्ट उल्लेख करा. आणि दोन्ही बाजूंची पोरं बरं का! मत्तयाच्या शुभवर्तमानातली (५:४४) शत्रूंसाठीची प्रार्थना इथे टाळता येत नाही.

नवखे हमखास दोन ठिकाणी चुकतात:
- प्रार्थनेतच राजकीय भाषण सुरू करतात.
- शांततेला घाबरून घाईने गीत घेतात. दोन मिनिटं गप्प बसू द्या.

चर्चा नंतर, छोट्या गटांत. प्रश्न एकच: बातम्या बघताना मनात काय येतं? कुणाचे नातलग तिकडे असतील तर त्यांच्याशी आधी खासगीत बोला. सगळ्यांसमोर बोलायला लावू नका. मदतनिधीचं पुढच्या सभेत बघा.