चारही चाकांची ओढ

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. टोयोटाची जीआर यारिस रोजच्या वापरासाठी घ्यावी का?

उत्तर : रॅली स्पर्धेच्या गरजेतून घडलेल्या आणि २०२० साली आलेल्या या गाडीत १.६ लिटरच्या तीन-सिलिंडर टर्बो इंजिनाची ताकद चारही चाकांत वाटली जात असल्यामुळे, ओल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना चाके जागच्या जागी न फिरता गाडी जमीन धरून झेपावते. ब्रेक लावताना मात्र ही व्यवस्था थांबण्याचे अंतर कमी करत नाही, हे अनेक जण (अनुभवी चालकसुद्धा) विसरतात. शिवाय वजन वाढते, पेट्रोल अधिक लागते आणि चारही टायर सारखेच झिजलेले ठेवावे लागतात. मागची आसने अडचणीची, सामानाला जागा जेमतेम १७४ लिटर. घरात दुसरी गाडी असेल तरच घ्यावी.