कोकमाचा अर्क, कार्बन टेट्राक्लोराइड आणि रॅटचे यकृत: एएलटी उतरले, पण का?

प्रश्न थोडक्यात असा: पणजीत एम.फार्म.च्या प्रबंधासाठी कोकमाच्या सालीचा अर्क विस्टार रॅटना सात दिवस तोंडावाटे दिला, शेवटच्या दिवशी यकृताला इजा करणारे विष, कार्बन टेट्राक्लोराइड, टोचले आणि २४ तासांनी रक्त व यकृत घेतले. एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) निम्म्यावर आले. कॅटलेज आणि एसओडी ही यकृतातली अँटिऑक्सिडंट एन्झाइम नुसत्या विषाच्या गटापेक्षा वर राहिली. ‘अर्काने अँटिऑक्सिडंट संरक्षण वाढवले’ असे लिहावे का?

एवढ्या आकड्यांवर तसे लिहू नका. कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसे काही करत नाही. यकृतातले सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्याचे ट्रायक्लोरोमिथाइल रॅडिकल (अतिक्रियाशील तुकडा) बनवते, ऑक्सिजन मिळाला की त्याचे पेरॉक्सिल रॅडिकल होते आणि पेशीपटलातल्या मेदाचे ऑक्सिडेशन सुरू होते. हे एन्झाइम यकृताच्या खंडिकांमधल्या मध्यशिरेभोवती सर्वाधिक असते, म्हणून नेक्रोसिसही (पेशी मरणे) तिथेच दिसतो. विषाच्या आधी दिलेला पदार्थ या एन्झाइमलाच अडवत असेल, तर विष तयारच होत नाही आणि एएलटी आपोआप उतरते. त्याचा अँटिऑक्सिडंट गुणाशी संबंध असेलच असे नाही.

एन्झाइमांचे वाचनही जपून करा. विषाने पेशी मेल्या की कॅटलेज आणि एसओडी यकृतातून कमी होतात. तुमच्या गटात ते जास्त आहेत, याचा साधा अर्थ जास्त पेशी जिवंत राहिल्या एवढाच असू शकतो. संरक्षण खरेच वाढले का, हे फक्त अर्क दिलेला, विष न दिलेला गट सांगतो. तो गट तुमच्या आराखड्यात दिसत नाही. माझ्या मते हीच सर्वात मोठी उणीव आहे.

दुसरा गट असा ठेवा की आधी विष आणि सहा तासांनी अर्क. तोपर्यंत रॅडिकल बनण्याचा मुख्य टप्पा उलटून गेलेला असतो, त्यामुळे इथेही एएलटी उतरले तर एन्झाइम अडवल्याचा खुलासा पुरत नाही. जमल्यास अर्क दिलेल्या गटाच्या मायक्रोसोमवर (यकृतपेशींचा सीवायपी एन्झाइम असलेला भाग) पॅरा-नायट्रोफिनॉल हायड्रॉक्सिलेशन मोजा, म्हणजे सीवायपी२ई१ किती काम करते ते कळेल. अल्कलीत नायट्रोकॅटेकॉलचा रंग ५१० नॅनोमीटरच्या आसपास वाचता येतो, वेगळे यंत्र लागत नाही.

कोकमाची स्वतःची एक अडचण आहे. त्यातल्या हायड्रॉक्सिसिट्रिक अॅसिडमुळे जनावरांचे खाणे कमी होऊ शकते. उपाशी रॅटच्या यकृतात ग्लुटाथायोन (पेशीतला अँटिऑक्सिडंट) उतरते आणि सीवायपी२ई१ वाढते, म्हणजे या दोन्हींमुळे निकाल हलतो. रोजचे खाद्य आणि वजन लिहून ठेवा आणि नियंत्रण गटाला त्याच आम्लतेचे ०.५ टक्के सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे द्रावण) द्या. म्हापशाच्या बाजारातली सोलां (वाळवलेली कोकमाची साल) किंवा आगळ (कोकमाचा रस) वापरू नका. आगळ खारवलेले असते, सोलांतही बहुधा मीठ असते आणि किती ते कळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पिकलेले फळ आणून साल सावलीत किंवा ४० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा.

विषाची मात्रा लिहिताना नेहमी गोंधळ होतो. ऑलिव्ह तेलात १:१ मिश्रण केले तर ‘१ मिली प्रति किलो’ म्हणजे मिश्रण की निव्वळ विष, हे स्पष्ट लिहा. फरक दुपटीचा आहे. मिश्रण फ्यूम हूडमध्ये करा, काचेची सिरिंज घ्या, कारण या विषात काही प्लास्टिके विरघळतात किंवा फुगतात.

आता मोजमाप. यकृत काढण्याआधी थंड सलाइनने रक्त धुऊन काढा. हे टाळले तर लाल पेशींतले कॅटलेज यकृताच्या खात्यात जमा होते. १.१५ टक्के पोटॅशियम क्लोराइडमध्ये १० टक्के होमोजिनेट बर्फावर करा. एमडीएसाठी (मेदाच्या ऑक्सिडेशनचे माप) त्यात लगेच बीएचटी हा अँटिऑक्सिडंट घाला, नाहीतर टीबीए अभिकर्मकाच्या उकळीत नवे ऑक्सिडेशन होते आणि ५३२ नॅनोमीटरचा आकडा फुगतो. ग्लुटाथायोनसाठी प्रथिने ताबडतोब टीसीए आम्लाने तळाशी बसवा आणि मग डीटीएनबी हा रंग देणारा अभिकर्मक घालून ४१२ नॅनोमीटरवर वाचा. ही नळी ‘उद्या बघू’ म्हणून ठेवली तर मोजणी वाया गेली. कॅटलेज पेरॉक्सिसोम या पेशीतल्या पिशव्यांमध्ये असते, त्यामुळे ते बाहेर काढायला १ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट लागते. २४० नॅनोमीटरला क्वार्ट्झ क्युव्हेटच हवे, काच तो प्रकाश अडवते. पायरोगॅलॉलच्या एसओडी पद्धतीत पॉलिफिनॉल स्वतःच ऑक्सिडेशन थांबवतात. म्हणून नमुना उकळून एन्झाइम मारलेली एक नळी सोबत चालवा आणि तिचा आकडा वजा करा. ट्रायटन घातलेल्या नळीतून प्रथिन मोजू नका, ते वेगळ्या भागातून मोजा.

पावसाळ्यात गोव्यात वीज गेली की डीप फ्रीझरमधले नमुने वितळून पुन्हा गोठतात, आणि अशा नमुन्यांचे कॅटलेज भरवशाचे राहत नाही. यकृताचे छोटे तुकडे वेगवेगळ्या नळ्यांत ठेवा आणि एक नळी एकदाच उघडा. पिंजऱ्यांतला भुसाही या दिवसांत ओला राहतो, अमोनिया साचतो. भुसा जास्त वेळा बदला.

अर्क-गट आणि नंतर-अर्क गट, प्रत्येकी ६ रॅट, असे १२ जादा प्राणी लागतील. ते मूळ मंजुरीत नसतील, तर काम सुरू करण्याआधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडून दुरुस्ती मंजूर करून घ्या. मार्गदर्शक ‘आधी करू, नंतर लिहू’ म्हणाले तरी थांबा. नवे गट एकटे चालवू नका. त्यांच्यासोबत नियंत्रण आणि नुसत्या विषाचा गटही लागेल, कारण महिन्याभरापूर्वीच्या आकड्यांशी तुलना चालणार नाही. म्हणजे अर्जात २४ प्राणी मागा. तोवर प्रबंधात ‘पूर्व-उपचाराने यकृताची इजा कमी झाली’ एवढेच लिहा. तेवढे तुमच्या आकड्यांनी दाखवले आहे.